बंबखान्यामागून

शुक्रवार, ६ जानेवारी १९७८

कळशी अर्धी भरली होती तेवढ्यात गल्लीत दवंडी सुरू झाली आणि नळावरच्या बायका भांडी तशीच टाकून कोपऱ्याकडे पळाल्या. मी नळ बंद केला. टाकी आगीच्या बंबाची, पाणी आधी बंबाचं, हे तुमचं सांगणं अजून पाळते.

पालिका बंबखाना पाडणार आहे. शेजारची पोलीस चौकीसुद्धा. दोन्ही जुन्या झाल्या म्हणून कराड रस्त्याला, एस.टी. स्टँडच्या पलीकडे, दोघांची मिळून एक नवी इमारत व्हायची आहे. त्याआधी पेठेपेठेत सभा घेणार आहेत, लोकांना समजावून सांगणार आहेत, लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. दवंडीवाल्यानं एवढं एका दमात सांगितलं आणि शेवटी त्याला खोकला आला.

परत आल्यावर सुलाबाई म्हणाली, "जरिना, तुजी खोलीबी जानार म्हन की गं."

मी म्हटलं, "माझी कुठली, तुमची खोली."

बंबखान्यामागची ही खोली आता तिच्या नवऱ्याच्या, नाथाजींच्या नावावर आहे. तुमच्यानंतर बंब त्यांच्याकडे आला, त्याबरोबर खोलीही. सुलाबाई आणि ते त्यांच्या स्वतःच्या घरीच राहतात, म्हणून त्यांनी मला इथून उठवलं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

तुमचा पत्ताही नाथाजींनीच दिला. बंबाचं काही सामान आणायला ते साताऱ्याला गेले होते. पोवई नाक्याजवळच्या गॅरेजात ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले त्यांना दिसले. "हाक मारली न्हाई," मला म्हणाले. "पाय वळाकलं आनि माघारी आलो."

मी बरी आहे. गल्लीतल्या फौजी लोकांच्या बायकांची पत्रं अजून मीच लिहिते. उत्तरं आली की वाचून दाखवते. बनुबाईच्या नातवानं जम्मूहून लिहिलं आहे की तिथं नळ गोठतो. तिला ते खोटं वाटतं. मी तीनदा वाचून दाखवलं.

हरणाबाई तेवढी येत नाही. तिच्या थोरल्याची पत्रं आता शाळेतले गुरुजी लिहितात. नळावरही येत नाही. तिचा धाकटा अर्जुना आगीत गेल्यापासून ती नदीचं पाणी आणते. दोन्ही वेळा माझ्या दारावरून जाते, घागर दाराकडच्या खांद्यावर न घेता पलीकडच्या खांद्यावर घेऊन.


रविवार, २२ जानेवारी

आज शाळेच्या पटांगणात खालच्या पेठेची सभा झाली. तुमचं नाव निघालं म्हणून लिहिते.

शेंडे म्हणून नवे ओव्हरसियर आले आहेत, सांगलीचे. वयानं लहान आहेत, चष्मा सारखा घसरतो. त्यांनी एका चादरीवर गावाचा नकाशा रंगवून आणला होता, दोन काठ्यांना बांधून उभा केला. वारा आला की कृष्णा फुगायची. लोक हसायचे. तेही हसले, ते मला बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. बंबखाना साहेबाच्या राज्यातला, तेव्हाचा बंब टांग्याएवढा. आताचा बाहेर काढताना दोन्ही चौकटींना घासतो. (तुम्ही दर दिवाळीला ते लाल ओरखडे चुन्यानं झाकायचात. यंदा कुणी झाकले नाहीत.) भोंगा कधीचाच बंद, अजून दोरी ओढून घंटा वाजवावी लागते. चौकीची भिंत इतकी फाटली आहे की आतला कैदी बाहेरच्याकडून बिडी घेऊ शकतो, असं ते म्हणाले.

"घेतोय कुठला! उलटं आमालाच देतोय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि चौकीतला हवालदारसुद्धा हसला.

मग बनुबाई उभी राहिली. "आवं सायेब, नळाचं काय?"

"कुठला नळ, आजी?"

"बंबखान्याचा. दुस्काळात समद्या पेठंनं त्येच्यावर दीस काडलं. तुमचा बंब न्येतासा तर न्या. नळ हितंच ऱ्हाऊ द्या."

टाळ्या पडल्या. शेंड्यांनी नळ लिहून घेतला.

नानासो सगळ्यात शेवटी उठले. तुम्ही होता तेव्हा ते नुसते दुकानदार होते, आता पेठेचे नगरसेवक आहेत. दुकान तेच, कोपऱ्यावरचं. ते म्हणाले, "बंब माळावर न्या. पेठ जळून गेली म्हंजी राख इझवायला या."

शेंडे म्हणाले, "नानासो, तीन वर्षांमागं बंब इथंच होता. तरी खालच्या आळीत पोचायला उशीर झाला. म्हशी सोडायला गेलेला पोरगा गोठ्यातच गेला. बाजाराच्या दिवशी या गल्लीतून बंब निघत नाही, हेच मी सांगतोय."

"त्यात इमारतीचा काय गुना? इमारत तवा गावाला गेली हुती व्हय? डायवर जाग्याव न्हवता. शमशेर कुटं हुता, इचारा कुनालाबी."

हरणाबाई पुढच्या ओळीत होती. ती मागं वळली नाही. बाकी सगळ्या बायका वळल्या.

घरी येताना मला एक गोष्ट लक्षात आली. बंबखाना हलू नये असं ज्यांना वाटतं, त्यांना तुमचा दोष हवा आहे. इमारत धड ठरायची तर ड्रायव्हर वाईट ठरायला पाहिजे. शेंडे तुम्हाला ओळखतही नाहीत. पण त्यांचं म्हणणं खरं ठरलं तर तुम्ही सुटता. म्हणून आता मी प्रत्येक सभेला जाणार आहे.

तुम्ही जागेवर होता. घंटा झाली तेव्हा ताटावर बसला होता, उष्ट्या हातानं धावलात. मी चौकशीत हे सांगितलं. बायको असंच सांगणार, असं साहेब हसून म्हणाले. पण दारातून बंब निघाला आणि आळीत पोचला त्याच्या मध्ये काय झालं ते मी कुठून सांगणार? पाइपवाला गुंडा पाठीमागे पाइपांवर बसलेला, त्याला गर्दीखेरीज काही दिसलं नाही. आता तर तोही राहिला नाही. तुम्ही चौकशीत एक शब्द बोलला नाहीत. मलाही बोलला नाहीत. कामावरून काढल्याचा कागद आला त्या दिवशी अंगरखा खुंटीवर ठेवून गेलात. तो अजून तिथंच आहे, त्याला फक्त ऊन दाखवते.

दिलावर दर शुक्रवारी बहिणीकडं म्हणून येतो. कधी मटण, कधी नुसत्या बांगड्या. माझ्या हातात नेहमी त्याच्याच बांगड्या असतात. तो अजून नानासोंच्या पायरीशी कापडाचा पाल बांधून बांगड्या भरायला बसतो, तुम्ही शब्द टाकून मिळवून दिलेल्या जागेवर. आग लागली त्या बाजाराच्या गुरुवारी तो वडूजला लग्नघरी बांगड्या भरायला गेला नसता, तर त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं असतं. तेवढं आपलं नशीब नव्हतं.


शुक्रवार, ३ फेब्रुवारी

काल बंब धावला. आग नव्हती, लोकांना दाखवण्यासाठी.

शेंड्यांना वाटलं, नकाशा पाहून लोकांना पटत नाही, तर बाजाराच्या दिवशी घंटा करून बंब खालच्या आळीपर्यंत नेऊ. अडकलेला बंब लोक डोळ्यांनी पाहतील. कल्पना चांगली होती. पण त्यांनी आधी तीन दिवस दवंडी दिली. नाथाजी त्यांना म्हणाले, "सायेब, सांगू नगासा. सांगितलं की समदं बिगाडलं." शेंडे म्हणाले, "न सांगता घंटा केली तर लोक घाबरतील. आणि लोकांना बोलवायचं तर सांगायला नको का?"

लोक आले. लग्नाला यावेत तसे आले. दुकानदारांनी आपणहून पाल सोडून घेतले, टोपल्या आत ओढल्या, गल्ली झाडून काढली. कुणीतरी बंबखान्याच्या दारात रांगोळी घातली. नानासोंनी बंबापुढे नारळ फोडला आणि खोबरं शेंड्यांच्या हातात दिलं. कोपऱ्यावर दिलावरचा पाल नव्हता. तो रहिमतपूरला गेला होता.

घंटा झाली. रिकाम्या गल्लीतून बंब नवरदेवाच्या मोटारीसारखा गेला. पोरं मागं धावली. बायका गच्चीवरून बघत होत्या. खालच्या आळीत पोचून नाथाजींनी पाणी सोडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाथाजी खाली उतरले आणि बंबाच्या चाकाकडं बघत उभे राहिले.

नानासो म्हणाले, "बगा गड्यांनो. गल्ली तीच, बंब त्योच. बदललं काय?" आणि थोडं थांबून, "डायवर."

शेंडे खोबरं हातात धरून उभे होते.

मी घरी आले. दारातली रांगोळी बंबाच्या चाकानं पुसली होती. मी उरलेली झाडून टाकली.

आता गावात कुणालाच शंका राहिली नाही. पूर्वी काहीजण तरी म्हणायचे, कुणास ठाऊक काय झालं असेल. काल त्यांनी तुमचा दोष डोळ्यांनी पाहिला. पालिकेची सभा महिनाअखेर आहे. नानासो म्हणतात, कौलं बदलू, भोंगा दुरुस्त करू, विषय मिटला.

हे पत्र पाठवावं की नाही हे माझं ठरत नव्हतं. पण इथं दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगावं.


शुक्रवार, १० फेब्रुवारी

काल दुपारी घंटा वाजली. भर बाजारात. कुठं आग नव्हती. कुणी वाजवली याची चौकशी चालू आहे.

नाथाजी बंबावर चढले, दोघं पाइपवाले मागं. चौकटीला घासून बंब बाहेर पडला. मीही त्याच्यामागून गेले. भरलेल्या बाजारात मी तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. गल्ली दोन्हीकडून भरलेली. भाजीवाल्या ओरडत टोपल्या ओढत होत्या, पाल सोडत होते, सुटत नव्हते. तरीही बंब इंच इंच पुढं सरकला. नानासोंच्या कोपऱ्यावर मात्र तो थांबला.

तिथं दिलावर बसला होता. पालाची एक दोरी नानासोंच्या खांबाला, दुसरी समोरच्या खिडकीला. खाली सगळीकडं काच मांडलेली. समोर एक मुलगी, हळदीच्या अंगाची, हात त्याच्या हातात. शेजारी तिची आजी. मला वाटलं होतं, हॉर्न ऐकला की दिलावर पाल गुंडाळील. बसलेला माणूस उठायला किती वेळ लागतो.

नाथाजींनी हॉर्न धरून ठेवला. नानासो दुकानातून धावत आले. "दिलावर, उठ की रं! बंब आलाय, दिसत न्हाई व्हय?"

"हात अर्धा हाय, नानासो," दिलावर म्हणाला.

"आरं, आग लागलीय कुटंतरी!"

आजी मध्ये पडली. "नवरी हाय ती! अर्ध्या हातानं उटवू नगासा पोरीला, पाया पडते. दोन बांगड्या ऱ्हायल्यात. भर रं तू, भर."

तुम्हाला ठाऊक आहे, नवरीचा हात भरायला घेतला की पुरा होईपर्यंत ती उठत नाही आणि बांगडीवाला हात सोडत नाही. दिलावरला हे आमच्या अब्बांनी शिकवलं. अब्बा म्हणायचे, हात अर्धा सोडला तर त्या घरात पुन्हा कोणी तुला बोलावणार नाही. दिलावर घाई करत होता, घाईनं बांगडी पिचली. त्यानं दुसरी घेतली. मागं बंब घुरघुरत होता. शेंडे गर्दीतून आत आले, पालाच्या दोरीकडं बघून उभे राहिले. या खेपेला दवंडी कुणी दिली नव्हती.

मग खालच्या आळीकडून हरणाबाई आली. आग कुठं आहे हे पाहायला आली असेल. तिनं बंब पाहिला, पाल पाहिला, नवरीचा हात पाहिला. मग दिलावरला विचारलं, हळूच विचारलं.

"तवाबी हितंच बसला हुतास का रं?"

दिलावरनं मान वर केली. त्याला आधी मी दिसले. तेव्हाच मला कळलं. वडूजचं लग्न कुठलंच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.

"हात भरत हुतास?"

"व्हय."

"आनि शमशेर?"

"दुल्हेभाई खाली उतरून आलं. म्हनलं, उचल. मी म्हनलं, नवरी हाय, चारच ऱ्हायल्यात. ते थांबलं."

नाथाजींनी हॉर्न सोडला. दिलावरनं उरलेल्या दोन बांगड्या भरल्या, आजीला नमस्कार केला आणि मग उठून दोरी सोडली. मुलगी रडत होती, तिचा काही दोष नव्हता. हरणाबाई आली तशी आळीकडं गेली.


मंगळवार, १४ फेब्रुवारी

घंटा मी वाजवली. मागच्या पत्रात लिहिलं नाही. शेंड्यांनी विचारलं तेव्हा नाथाजी पुढं होऊन म्हणाले, "दोरी कुत्र्यानं वडली आसंल." शेंडेही तेच लिहून घ्यायला तयार होते. पण मी सांगितलं, मी वाजवली. तुमच्यामागं या खोलीत एवढी गुपितं राहिली आहेत, आणखी एक नको होतं.

मला वाटलं होतं, बंब अडकेल, सगळे पाहतील आणि मी ताठ मानेनं घरी येईन. अडकला. सगळ्यांनी पाहिला.

आधी मला वाटलं, तुम्ही दिलावरला वाचवायला चौकशीत गप्प राहिलात. माझा भाऊ म्हणून. दोन दिवस मी असंच धरून होते आणि मला तुमचा राग आला, कारण मला सांगितलं असतं तर मी तुमच्याबरोबर गप्प राहिले असते. आता वाटतं, ते सगळं खरं नाही. दिलावर बसला होता हे तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही थांबलात, हे सांगता येत नव्हतं.

बंब पुढं घातला असता तर काच फुटली असती. बाकी काय झालं असतं? नवरीच्या आजीनं शिव्या दिल्या असत्या. दिलावर वर्षभर बोलला नसता. तुम्ही चार बांगड्या होईपर्यंत उभे राहिलात. मीही उभी राहिले असते. माझ्या मनाला मी फिरून फिरून विचारते आणि दर वेळी मी तिथं उभीच असते. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. याचा तुम्हाला उपयोग होईल की नाही ते मला माहीत नाही.

दिलावर काल आला, वार शुक्रवार नसताना. दारातच उभा राहिला.

"आपा, तुझ्याकडं बघून मला बोलता येत न्हवतं," म्हणाला.

"तीन वर्षं दर शुक्रवारी तू माझ्याकडं बघतच होतास."

"म्हनून तर येत हुतो."

मी त्याला पाणी दिलं. तो पिऊन गेला. तो गेल्यावर मी साबण लावून हातातल्या बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत. खिडकीत ठेवल्या आहेत. तुम्ही आहात, म्हणून हात मोकळे ठेवायला नकोत हे मला समजतं. पण त्याच्या बांगड्या मला वाजत होत्या.

नळावर बायका हाताकडं बघतात. कुणी विचारत नाही.


सोमवार, २७ फेब्रुवारी

पालिकेची सभा आज झाली. नवा बंबखाना आणि नवी चौकी मंजूर. कराड रस्त्यालाच. ठराव नानासोंनी मांडला. म्हणाले, मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. बनुबाईचा नळ इथंच राहणार, त्याला कट्टा बांधून देणार आहेत. ती दुपारपासून कट्टा किती रुंद हवा ते सगळ्यांना सांगते आहे.

शेंडे संध्याकाळी आले. खोटी घंटा केली म्हणून मला खोली सोडावी लागेल, नाथाजींना तसा कागद गेला आहे. त्यांना सांगताना फार जड गेलं. मीच म्हटलं, तुमचं काम तुम्ही करा. तुम्ही न सांगता घंटा केली नाहीत, मी केली. ते हसले, मग चष्मा पुसत बसले.

जाताना म्हणाले, नव्या बंबखान्याला आणखी एक ड्रायव्हर लागणार आहे. शमशेरची चौकशी पुन्हा उघडता येईल. दिलावरनं सही करून सगळं लिहून दिलं आहे. "पण त्यांनी स्वतः येऊन बोलायला पाहिजे. मागच्यासारखं गप्प राहून चालणार नाही." मी म्हटलं, कळवते.

तर कळवते आहे.

तुम्ही याल असं धरून मी काही करणार नाही. तीन वर्षं मी तसंच केलं. दोन ताटं घासून ठेवली, उष्टं त्यातलं एकच असायचं. मी मलकापूरला मेहरुनबी खालांकडे जाते. पत्ता खाली लिहिला आहे. मावशींना आता दिसत नाही, त्यांना पेपर वाचून दाखवायला माणूस हवं आहे. तुमचा अंगरखा घेऊन जाते. दिलावरनं त्याच्याकडं ये म्हणून निरोप दिला. त्याला मी हो किंवा नाही काही सांगितलं नाही.

सामान एका ट्रंकेत मावलं. भिंतीवरच्या खुंटीखाली तुमच्या खांद्याएवढा तेलकट डाग आहे. इमारत पाडतील तेव्हा तोही जाईल. बंबाचे ओरखडे मी आज चुना लावून झाकले. पाडायच्या भिंतीला चुना कशाला, असं नाथाजी म्हणाले. मग तेच बादली धरून उभे राहिले.

पत्र बंद करत नाही. टपालपेटी सकाळी उघडतात, तेव्हा टाकीन.

मंगळवार, सकाळ. पाणी सुटलं तेव्हा हरणाबाई नळावर आली. बाकीच्या बायकांनी तिला पुढं जाऊ दिलं. तिनं घागर लावली आणि भरेपर्यंत उभी राहिली. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "हात मोकळं ठिवू नगंस. तुजा हाय न्हवं अजून?" मी हो म्हटलं. तिनं घागर माझ्या दाराकडच्या खांद्यावर घेतली आणि गेली.